से, टेल, स्पीक, टॉक... कुठे कुठलं क्रियापद घ्यायचं हे ठरवायचं कसं? (आयल्ट्स रायटिंग)

मांजलपूरवाली

नमस्कार सगळ्यांना. बडोद्यात राहते, घरी मराठी, शाळा गुजराती मीडियमची, नंतर एम. एस. युनिव्हर्सिटीतून बी.कॉम. आता आयल्ट्सची, म्हणजे परदेशी जाण्यासाठीच्या इंग्रजी परीक्षेची तयारी चाललीय, जनरल ट्रेनिंग. टेन्स, आर्टिकल वगैरे बऱ्यापैकी डोक्यात बसलेत पण क्रियापदांचा घोळ काही केल्या सुटत नाहीये. से-टेल-स्पीक-टॉक, सी-लुक-वॉच, हिअर-लिसन, फाइंड-सर्च-लुक फॉर. डिक्शनरी उघडली की सगळ्यांसमोर जवळपास तोच अर्थ लिहिलेला, आणि गुजरातीत तर काय, 'कहेवुं' आणि 'जोवुं' म्हटलं की झालं सगळं.

क्लासमध्ये लेटर तपासून परत मिळतं तेव्हा क्रियापदाखाली लाल रेघ असते आणि वर दुसरं लिहिलेलं असतं. का, असं विचारलं तर "इंग्लिशमां आवुं ज बोलाय" एवढंच उत्तर. आता आवुंच का बोलाय हे कळल्याशिवाय पुढच्या वेळी मी कसं ठरवणार? ह्या आठवड्यातल्या रेघा देते. 'माय फादर सेड मी टु वेट', वर टोल्ड. 'आय ॲम हिअरिंग अ नॉइज फ्रॉम द हीटर', वर कॅन हिअर. 'आय सर्च्ड द मॅनेजर', वर लुक्ड फॉर. आणि घरमालकाच्या लेटरमध्ये 'आय टोल्ड यू टु रिपेअर इट', तिथे टेल बरोबर असेल असं वाटलं होतं तर तिथेही रेघ, वर आस्क्ड!

त्यात परत सांगतात की एकच शब्द दोनदा वापरू नका, सिनॉनिम टाका, बँड (म्हणजे मार्क) वाढतो. आणि सगळ्यांचा आवडता सल्ला, मराठीत विचार करू नकोस, इंग्रजीतच विचार कर. तो कसा करायचा हे कुणी सांगत नाही. तर विचारायचं हे की ह्यात काही लॉजिक आहे का, की सगळं पाठच करायचं? ज्यांनी परीक्षा दिलीय किंवा जे शिकवतात त्यांनी प्लीज नीट सांगा, लांबलचक लिहिलंत तरी चालेल.

फतेहगंजची ताई

लांबलचकच लिहिणार आहे, कारण हा माझ्या अगदी जवळचा विषय आहे. बरीच वर्षं बडोद्यात इंग्रजी शिकवते आणि माझ्याकडे निम्मी मुलं मराठी घरातलीच असतात.

पहिलं म्हणजे तो सल्ला मला पटत नाही. मी उलटं सांगते, मराठीतच विचार कर, पण नीट मराठीत. ह्यातल्या बऱ्याचशा जोड्या मराठीत आधीच वेगवेगळ्या आहेत. आपण त्यांच्यात कधी गोंधळत नाही, म्हणून त्या आहेत हेच लक्षात येत नाही.

सांगणे, म्हणणे आणि बोलणे घे. "आईने मला सांगितलं" आणि "आई म्हणाली" ह्यात सांगण्याला समोर माणूस लागतो, कुणाला सांगितलं? म्हणण्याला तसा लागत नाही, तिथे काय म्हणाली ते महत्त्वाचं. टेल आणि सेचं हुबेहूब हेच आहे. टेलच्या मागे लगेच माणूस येतो, मध्ये टु नाही, 'टोल्ड मी'. सेच्या मागे बोललेली गोष्ट येते, 'सेड दॅट', आणि माणूस आणायचाच असेल तर टु घालून. तुझं 'सेड मी' मराठीत कर बरं, "बाबा मला थांबायला म्हणाले" असं आपण बोलूच शकतो म्हणा, पण पहिलं तोंडात येतं ते "बाबांनी मला थांबायला सांगितलं". 'टोल्ड मी टु वेट'. आलं ना बरोबर?

आणि हे वरवरचं जुळणं नाहीये, खोलपर्यंत जातं. इंग्रजीच्या पुस्तकांत टेलचे अपवाद म्हणून एक यादी देतात, जिथे माणूस नसला तरी टेलच लागतं, मुलं ती रट्टा मारून पाठ करतात. स्टोरी, जोक, टाइम, डिफरन्स, फॉर्च्यून. आता मराठीत म्हणून बघ. गोष्ट सांगणे, विनोद सांगणे, किती वाजले ते सांगणे, फरक सांगणे, भविष्य सांगणे. सगळीकडे सांगणेच! पाठ काय करायचं त्यात? तसंच प्रार्थना आपण म्हणतो, इंग्रजीतही 'से अ प्रेयर'. दोन ठिकाणी मात्र फसायला होतं, खोटं आपण बोलतो पण इंग्रजीत 'टेल अ लाय', आणि गाणं म्हणणे म्हणजे सरळ सिंग. एवढे दोन लक्षात ठेव.

बोलणे म्हणजे स्पीक किंवा टॉक. भाषा बोलणं, सभेत बोलणं, फोनवर "अमक्यांशी बोलायचंय" असं जरा औपचारिक बोलणं, हे स्पीक. गप्पा, दोघांनी बसून बोलणं, ते टॉक. पुष्कळ ठिकाणी दोन्ही चालतात, तिथे जीव काढू नकोस, फक्त भाषेला टॉक लावू नकोस, 'आय स्पीक मराठी'च.

एक धोका आहे आणि तो आपल्या बडोद्याच्या मराठीचा आहे (मुंबईकडेही हल्ली ऐकते मी). आपली पोरं सर्रास "तो मला बोलला की उद्या ये" असं बोलतात. म्हणाला नाही, सांगितलं नाही, सगळ्याला बोलला. म्हणजे मराठीने तीन कप्पे करून दिलेत आणि आपण ते एकात ओतले, मग इंग्रजीत चार क्रियापदं समोर आली की कुठलं उचलायचं कळत नाही. म्हणून नीट मराठीत म्हटलं. आजीच्या मराठीत वाक्य म्हणून बघायचं आणि मग इंग्रजीत जायचं. एरवी कसंही बोला, त्याला माझी हरकत नाही.

आता तुझ्या हीटरवाल्या वाक्याकडे येते कारण त्यात ह्याच्याहून मोठी गोष्ट आहे. मराठीत "मी ऐकते" आणि "मला ऐकू येतं" हे वेगळं. "मी बघते" आणि "मला दिसतं" वेगळं. "मी शोधते" आणि "मला सापडतं" वेगळं. "मी विचार करते" आणि "मला वाटतं" वेगळं. 'मी'वालं काम आपण मुद्दाम करतो, 'मला'वालं आपसूक होतं, आपल्या हातात नसतं. इंग्रजीत कर्ता दोन्हीकडे 'आय'च, म्हणून फरक झाकला जातो, पण क्रियापद बदलतं. मुद्दाम ऐकणं लिसन, कानावर पडणं हिअर. मुद्दाम बघणं लुक, दिसणं सी. शोधणं लुक फॉर, सापडणं फाइंड. बघ, तुझ्या अर्ध्या जोड्या इथेच सुटल्या.

पुढचं अजून कामाचं. 'मला'वाली क्रियापदं इंग्रजीत शक्यतो आयएनजी घेत नाहीत. मराठीत आपण "मला ऐकू येतंय", "मला कळतंय", "मला आठवतंय", "मला आवडतंय", "मला हवंय" असं सुखाने बोलतो, तो 'तंय' ऐकून हात आपोआप आयएनजी लिहितो आणि होतं 'आय ॲम हिअरिंग', 'आय ॲम अंडरस्टँडिंग', 'आय ॲम रिमेंबरिंग', 'आय ॲम वाँटिंग'. वाक्यात 'मला' आलं की हात आवरायचा. साधं 'आय अंडरस्टँड', 'आय रिमेंबर', 'आय वाँट'. आणि दिसणं, ऐकू येणं, वास येणं ह्यांना त्या क्षणाचं सांगायचं तर इंग्रजी कॅन घेते, 'आय कॅन हिअर अ नॉइज', 'आय कॅन स्मेल गॅस'. इथे कॅन म्हणजे क्षमता वगैरे नाही, तो आपला 'येतंय' आहे. थिंकचं तर फारच छान आहे, "मला वाटतं" असेल तर 'आय थिंक' आणि "मी विचार करतेय" असेल तर 'आय ॲम थिंकिंग अबाउट'. एकच क्रियापद पण मी आणि मलाने आयएनजी ठरवलं.

लुक आणि लिसनला मागे शेपूट लागतं, 'लुक ॲट', 'लिसन टु'. सी, हिअर, वॉच ह्यांना लागत नाही. वॉच म्हणजे हलतं-बदलतं काहीतरी वेळ देऊन बघत राहणं, मॅच, टीव्ही, खेळणारं मूल. फोटोकडे 'लुक ॲट' करायचं, फोटो वॉच करत नाहीत.

आणि टेल-आस्कचं. मराठीत "दुरुस्त करायला सांगितलं" हे विनंतीलाही चालतं आणि हुकमालाही, सांगणाऱ्याच्या सुरावर असतं ते. इंग्रजीत 'टेल समवन टु डू' म्हणजे हुकूम. घरमालकाला, बॉसला, शेजाऱ्याला लिहिताना आस्क. तुझ्या लेटरमध्ये व्याकरण चुकलं नव्हतं, टोन बिघडला होता, आणि जनरलच्या पहिल्या टास्कमध्ये टोन बघतातच.

मकरपुरा जीआयडीसी

ताईंनी मस्त सांगितलं. 'मला'चं तर आज पहिल्यांदाच लक्षात आलं, आणि मी रोज दिवसभर इंग्रजीत मेल लिहितो. एक्सपोर्टमध्ये आहे, बाहेरच्या पार्टीशी सगळा व्यवहार लेखी. माझ्या बाजूने थोडी भर घालतो, कारण आमच्या ऑफिसात मराठी, गुजराती, हिंदी सगळी मंडळी आहेत आणि मेल वाचला की लिहिणारा कुठे अडकला ते मला समजतं.

एक, एक्सप्लेन आणि सजेस्ट. टेल मी चालतं म्हणून लोक 'एक्सप्लेन मी' आणि 'सजेस्ट मी' पण लिहितात. नाही चालत. 'एक्सप्लेन इट टु मी', आणि सजेस्टला तर माणूस नकोच, 'कॅन यू सजेस्ट अ डेट' एवढं बास. दोन, डिस्कस. टॉक अबाउट, स्पीक अबाउट म्हणून 'डिस्कस अबाउट'. डिस्कसच्या पोटातच अबाउट आहे, परत लावायचा नाही. तीन, रीच आणि अराइव्ह, दोन्ही आपलं पोहोचणंच. 'द कंटेनर रीच्ड मुंद्रा', मध्ये टु नाही, आणि 'अराइव्ड ॲट द पोर्ट', तिथे ॲट पाहिजेच. म्हणजे अर्थ तोच असला तरी शेजार वेगळा, आणि चूक शेजारात होते.

सर्चचं पण राहिलंय ना? 'सर्च्ड द मॅनेजर' वाचून मला धस्स झालं, कारण त्याचा अर्थ मॅनेजरची झडती घेतली, खिसे तपासले. पोलीस माणसाला सर्च करतात ते तसं. शोधायचं असेल तर 'सर्च फॉर' किंवा साधं 'लुक फॉर'. नेटवर टाइप करून शोधतो तिथेसुद्धा फॉर लागतो, पण 'सर्च द वेबसाइट' चालतं कारण तिथे वेबसाइटचीच झडती घेतोय.

आणि होप, विश, एक्स्पेक्ट. 'आय एक्स्पेक्ट युअर रिप्लाय टुडे' लिहिलं की समोरच्याला दम दिल्यासारखं वाटतं. मराठीत बघा, आशा, इच्छा, अपेक्षा, तीन शब्द आहेतच. "उत्तराची अपेक्षा आहे" आणि "उत्तर मिळेल अशी आशा आहे" ह्यात सूर वेगळा. मी होपच लिहितो.

दांडियाबाजार काका

ताई, तुमचं सांगणे-म्हणणेचं विवेचन वाचून फार आनंद झाला, पण मला एक ठाम मतभेद नोंदवायचा आहे. मराठीवरून इंग्रजीत जाणं हा रस्ता काही गावांपर्यंतच जातो. ह्या मुलीला वाटायला नको की आता सगळंच मराठीतून निघेल.

'करणे' घ्या. मराठीत चूक करतो, गृहपाठ करतो, धंदा करतो, आवाज करतो, फोन करतो, मजा करतो. इंग्रजीत चूक मेक, गृहपाठ डू, धंदा डू, आवाज मेक, फोन मेक, आणि मजा तर हॅव. काहीतरी नवीन तयार होतं तिथे मेक आणि नुसतं पार पाडायचं तिथे डू असा नियम शिकवतात, पण 'डू द कुकिंग' आणि 'मेक डिनर' ह्यापुढे तो टिकत नाही. स्वयंपाकघर तेच, जेवण तेच. इथे आजीची मराठी काहीही मदत करणार नाही.

दुसरं, परीक्षा. आपण परीक्षा देतो, गुजरातीतही परीक्षा आपे छे, आणि म्हणून भारतभर 'गिव्ह अ‍ॅन एक्झाम' चालतं. ब्रिटन-कॅनडाकडचा माणूस 'टेक' म्हणतो किंवा 'सिट', आणि गिव्ह ऐकलं की त्याला वाटतं ही बाई परीक्षा घेणारी आहे. लाइटचंही तसंच. 'ओपन द लाइट', 'क्लोज द फॅन' हे बडोद्यात रोज ऐकू येतं कारण आपल्याकडे दारही बंद करतात आणि पंखाही. तिकडे दार क्लोज किंवा शट, पंखा 'टर्न ऑफ' नाहीतर 'स्विच ऑफ'.

म्हणून माझं म्हणणं असं की सुटा शब्द शिकायचाच नाही, शब्द त्याच्या शेजाऱ्यासकट शिकायचा. वर मकरपुऱ्याच्या भावांनी शेजार म्हटलं तो शब्द मला अगदी आवडला. ह्यालाच कोलोकेशन म्हणतात, आणि आयल्ट्सच्या रायटिंगमध्ये जे चार निकष सारख्या वजनाचे असतात त्यातल्या लेक्सिकल रिसोर्स म्हणजे शब्दसंपत्तीच्या निकषात बँड ७ च्या वर्णनात ह्या कोलोकेशनचा उल्लेख आहे. तेव्हा दोनदा से आलं म्हणून दुसऱ्यांदा नॅरेट किंवा अटर टाकणाऱ्या मुलाचा बँड वाढत नाही, तो अडकतो. अटर म्हणजे तोंडातून शब्द काढणं, नॅरेट म्हणजे कथा सांगणं, ते सेच्या जागी बसत नाहीत. से चार वेळा आलं तर येऊ दे, बरोबर ठिकाणी यावं.

कोशाबद्दल थोडं. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी वगैरे भाषांतले शब्द देणारा मोठा कोश १९३१ साली काढवला होता. खात्यांची नावं, हुद्दे, कायद्याच्या संज्ञा, ह्यांना शब्दाला शब्द मिळू शकतो आणि तिथे असा कोश फार उपयोगी. क्रियापदाला तसा शब्दाला शब्द मिळत नाही, त्याला वाक्य लागतं. हे ओळखून ए. एस. हॉर्न्बी ह्यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळा कोश तयार केला, १९४२ मध्ये तो टोकियोत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने आपल्याकडून काढला. आज ऑक्सफर्डची लर्नर्स डिक्शनरी म्हणतात ती हीच. त्यात प्रत्येक क्रियापदापुढे त्याच्यामागे काय येतं ते दिलेलं असतं, माणूस येतो की वस्तू, टु येतो की दॅट. नेटवर फुकट आहे. इंग्रजी-गुजराती ॲप मिटवून ही उघडायची, आणि अर्थाखालची उदाहरणाची वाक्यं वाचायची, मोठ्याने. अर्थ नाही वाचला तरी चालेल.

मांजलपूरवाली

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे खूप आभार, खरंच. ताई, 'मला'वालं दोन-तीन जुन्या लेटरवर लावून बघितलं आणि रेघा कुठे आल्या असतील ते मलाच आधी कळायला लागलं. पण दोन ठिकाणी गाडी अडली. "मला राग येतोय" ह्यात मला आहे, मग आयएनजी नको का? आणि "मी त्यांना ओळखते" ह्यात मी आहे तर 'आय ॲम नोइंग' व्हायला हवं, पण ते तर ऐकायलाच चुकीचं वाटतं.

आणि काका, तुमचं पटलं पण मग दोन्हीपैकी काय करू? ताईंचं आधी की तुमचं? अजून एक अडलंय ते पण विचारून घेते, वेअर आणि पुट ऑन. आपण दोन्हीला घालणेच म्हणतो.

फतेहगंजची ताई

प्रश्न सरस विचारलास. आधी काकांना, मतभेद मान्य. करणे, घेणे, देणे, लावणे असली जी सगळीकडे चालणारी क्रियापदं आहेत तिथे मराठी काही सांगत नाही, तिथे तुमचा शेजारच शिकायचा. पण सांगणे, दिसणे, सापडणे, आठवणे ही नेमक्या अर्थाची क्रियापदं आहेत आणि तिथे मराठी खणखणीत उत्तर देते. म्हणून तुला सांगते, मराठी वाक्यात करणे-घेणे-देणे आलं तर सरळ डिक्शनरी, नाहीतर आधी मराठीला विचार.

आता राग. "मला राग येतोय", "मला भूक लागलीय", "मला झोप येतेय", ह्यात मराठीत जे नाम आहे, राग, भूक, झोप, त्याचं इंग्रजी विशेषण करते, अँग्री, हंग्री, स्लीपी. आणि राग चढत चाललाय हे दाखवायला 'आय ॲम गेटिंग अँग्री', तिथे आयएनजी आहे पण ते गेटला लागलंय. खोकला, शिंका वगैरे शरीराच्या गोष्टी ह्या नियमाबाहेरच्या, "मला खोकला येतोय" म्हणजे 'आय ॲम कॉफिंग'च. आणि ओळखणे, विश्वास ठेवणे, प्रेम करणे ही 'मी'ची असून आयएनजी न घेणारी, तुझा कान बरोबर होता. पण बघ, ही कामं तरी कुठे घड्याळ लावून सुरू करता-थांबवता येतात? "थांब जरा, त्यांना ओळखून येते" असं कुणी म्हणत नाही ह्या अर्थाने. 'मला' ही खूण आहे, त्यामागचं कारण हे. खुणेने भागलं नाही तर कारणाला विचारायचं.

वेअर आणि पुट ऑन. आपण दोन्हीला घालणे म्हणतो खरं, पण रूप बघ. "तिने साडी नेसलीय" आणि "ती साडी नेसतेय". "त्याने स्वेटर घातलाय" आणि "तो स्वेटर घालतोय". घातलाय म्हणजे आता अंगावर आहे, तो वेअर, 'ही इज वेअरिंग'. घालतोय म्हणजे हात बाहीत जातोय, तो पुट ऑन, 'ही इज पुटिंग इट ऑन'. इंग्रजीत दोन्हीकडे आयएनजी आलं म्हणून गोंधळ, मराठीत तो फरक 'लाय' आणि 'तोय'ने केला. बसणेही असंच. "तो बसलाय" म्हणजे 'ही इज सिटिंग', "तो बसतोय" म्हणजे 'ही इज सिटिंग डाउन'. आणि झोपेचं तर बघच. "तो झोपलाय" म्हणजे 'ही इज स्लीपिंग', "तो झोपतोय आता" म्हणजे 'ही इज गोइंग टु बेड', आणि "त्याला झोप लागली" म्हणजे 'ही फेल अस्लीप'. आपल्याकडे तिन्ही आहेत, तिकडेही तिन्ही आहेत.

आता एक काम कर. चार-पाच वाक्यांचा एक तुकडा इथे लिही, त्यात ही सगळी येऊ देत. बघूया.

मांजलपूरवाली

लिहिलाय. घरमालकाला लेटर, हीटरचंच.

'आय ॲम रायटिंग अबाउट द हीटर इन माय रूम. आय कॅन हिअर अ लाउड नॉइज फ्रॉम इट एव्हरी नाइट अँड आय कॅनॉट फॉल अस्लीप. आय स्पोक टु युअर मॅनेजर लास्ट वीक अँड आस्क्ड हिम टु रिपेअर इट. ही सेड दॅट ही वुड कम ऑन मंडे, बट ही डिड नॉट टेल मी द टाइम. आय वेटेड ऑल डे. आय लुक्ड फॉर हिम इन द ऑफिस बट आय डिड नॉट सर्च हिम. आय नीड टु वेअर अ जॅकेट बिफोर आय गो टु बेड. आय होप यू विल सी धिस प्रॉब्लेम सून.'

मकरपुरा जीआयडीसी

'ही सेड दॅट' आणि 'डिड नॉट टेल मी' एकाच वाक्यात, दोन्ही बरोबर जागी. वाह. फक्त ते 'डिड नॉट सर्च हिम' काढा, त्याचा अर्थ मी त्याची झडती नाही घेतली असा होतोय. तुम्हाला "पण ते सापडले नाहीत" म्हणायचं असणार, मग 'बट आय कुड नॉट फाइंड हिम'. शोधलं ते लुक्ड फॉर, सापडलं नाही ते कुड नॉट फाइंड.

फतेहगंजची ताई

बरोबर, मीही तेच लिहिणार होते. अजून दोन जागा. 'नीड टु वेअर अ जॅकेट बिफोर आय गो टु बेड' हे असं वाचलं जातं की झोपायच्या आधी थोडा वेळ जॅकेट घालून बसावं लागतं. तुला म्हणायचंय की झोपताना चढवावं लागतं, तर 'पुट ऑन अ जॅकेट', किंवा जॅकेट घालूनच झोपावं लागतं असेल तर 'वेअर अ जॅकेट इन बेड'. काय म्हणायचंय ते तू ठरव, दोन्ही वाक्यं चांगली आहेत.

शेवटचं 'सी धिस प्रॉब्लेम'. आपण म्हणतो ना, "जरा बघा की ह्याचं", तो बघणे आहे. इथे दिसणे नाहीये, लक्ष घालणे आहे, तर 'लुक इनटु द प्रॉब्लेम'. परत लुकच, मुद्दाम केलेलं काम. बाकी आस्क्ड, कॅन हिअर, फॉल अस्लीप सगळं जागच्या जागी आहे. 'टेल मी द टाइम'ला मात्र 'टेल मी व्हॉट टाइम' कर, नाहीतर किती वाजलेत ते सांगितलं नाही असं वाटू शकतं.

दांडियाबाजार काका

'लुक इनटु' डिक्शनरीत काढून बघा. लुकच्या पोटात शेवटी शेवटी मिळेल, लुक आफ्टर, लुक अप, लुक फॉरवर्ड टु ह्यांच्या रांगेत. पत्राच्या शेवटी 'लुक फॉरवर्ड टु' लिहाल तेव्हा त्याच्यापुढे आयएनजी येतं, 'टु हिअरिंग फ्रॉम यू', 'टु हिअर' नाही. आणि ताई, इथे हिअर 'मला'वालं असून आयएनजी आलं, मुलगी विचारेलच.

फतेहगंजची ताई

विचारू दे की, उत्तर तयार आहे. ते चालू काम दाखवणारं आयएनजी नाहीच, नाम आहे ते, "तुमचं उत्तर येण्याची वाट बघतेय" मधलं 'येण्याची'. 'ॲम' नंतर येतं ते वेगळं आणि टु, ऑफ, फॉर ह्यांच्यानंतर येतं ते वेगळं. 'मला'चा नियम फक्त पहिल्याला.

मांजलपूरवाली

खरंच विचारणार होते! सुधारलेलं लेटर वहीत उतरवून घेतलं. पुढचा टास्क शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दलच्या तक्रारीचा आहे, तिथे 'बार्किंग ऐकू येतं' आणि 'शेजारी ऐकत नाही' ही दोन्ही वाक्यं लागणार आहेत. पहिलं 'आय कॅन हिअर', दुसरं 'ही डझ नॉट लिसन टु मी', बरोबर ने?

फतेहगंजची ताई

अगदी बरोबर. आणि शेजाऱ्याला एकदा 'टोल्ड' नको, 'आस्क्ड' लिही. दोनदा आस्क करूनही ऐकलं नाही तर तिसऱ्यांदा खुशाल टोल्ड.